तिसरा मे

पहाटे साडेतीनला कूलरचा पंप बंद पडला
आणि पंखा नुसतीच गरम हवा फेकू लागला
ऑडिटच्या एकशे सदतिसाव्या पानावर.

पान तेच, मागच्या मेमधलं.
समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय,
‘हे येतं मला.’
नव्हतं आलं.
तीन मार्कांनी नव्हतं आलं.

नंदनवनातल्या या खोलीच्या भिंतीला
रात्रीसुद्धा पाठ टेकवत नाही.
बाबा गच्चीवर झोपलेत. त्यांचा सीझन आहे.
मार्चपासून अर्ध्या नागपूरचे कूलर
त्यांच्या बोटांखालून जातात,
खस बदल, टाकीला डांबर मार, मोटर भरून दे.
घरचा तेवढा राहून जातो.

जुलैत निकाल लागला तेव्हा
खिडक्यांतून कूलर उतरवायचे दिवस होते.
स्कूटरला दोरी बांधता बांधता म्हणाले,
‘मोटर अशीच नाई जळत माय.
कोरडी चालवली का जळते.’
आणि त्रिमूर्तीनगरला निघून गेले.
मला वाटलं, कूलरबद्दल बोलताहेत.
कूलरबद्दलच बोलत असतील.

हुसैना पहिल्या झटक्यात पास झाली.
इतवारीत, दुसऱ्या माळ्यावरच्या त्या फर्ममध्ये
साडीवाल्यांच्या व्हाउचरांवर
आम्ही दोघींनी तीन वर्षं हिरव्या पेनाने टिका मारल्या.
आता ती पुण्याला. रविवारी फोन करते.
‘तुला माझ्यापेक्षा जास्त येतं गं,’ म्हणते.
ऐकून बरं वाटतं, आणि नाहीही वाटत.
एकाच तारखेला दोन्ही नोंदी,
नावेही आणि जमेलाही.

कोणी सांगितलं, रोज आरशासमोर उभं राहा,
स्वतःला सांग, मी करू शकते.
राहिले उभी.
गळ्यावरच्या घामोळ्या मोजून परत आले.

त्यापेक्षा अभ्यासिकेतला बोरकुटे बरा.
सहा वर्षं झाली, वनरक्षक व्हायचंय त्याला.
साडेबाराला डबा उघडतो,
झाकणावर वांग्याची भाजी काढून माझ्याकडे सरकवतो.
कितवा अटेम्प्ट, कधी विचारत नाही.
मीही विचारत नाही, किती धावलास आज.

स्विच बंद केला. मोबाइलचा टॉर्च दातांत धरला.
बाजूची ताटी काढली, टाकीत कोपरापर्यंत हात घातला.
पंप वर आला तो पांढऱ्या क्षारांनी माखलेला,
जाळीत खसच्या काड्या, केसांसारख्या गुंतलेल्या.
जुन्या टूथब्रशने घासला.
पाती बोटाने फिरवून पाहिली, अडली,
पुन्हा घासला. फिरली.

हे मला कोणी शिकवलेलं नाही.
शाळेत असल्यापासून सुट्टीत बाबांसोबत जायचे
आणि फक्त टॉर्च धरायचे, कंटाळून,
मान दुसरीकडे करून.

स्विच.
पंप आधी खोकला.
मग बराच वेळ काहीच नाही.
पाणी नळीतून वर चढताना दिसत नाही,
तेवढा वेळ हात कमरेवर ठेवून उभं राहावं लागतं.
मग वरच्या पन्हाळीतून पहिला थेंब,
दुसरा,
आणि खोलीभर ओल्या खसचा वास.

गच्चीवरून आवाज आला,
‘चालू झाला का वं?’
‘झाला.’
‘पाणी पाह्य टाकीत.’

दोन बादल्या ओतल्या. हात पुसले.
एकशे सदतीस पान हाताने झाकलं
आणि सहा मुद्दे मागच्या कोऱ्या पानावर लिहून काढले.
चार आले.
दोन नाही आले.
समासातलं ते वाक्य खोडलं नाही,
खाली आजची तारीख टाकली,
आणि त्यापुढे, सहापैकी चार.

नळ यायला अजून पाऊण तास आहे.
तोवर एकशे अडतीस.